एका टिपाडातले दोन ताप

घरात कुणाला ताप आला, रक्त तपासलं, तापाचं नाव हातात पडलं, की तुम्ही पुढचं विचारणं बंद करता ना? खरं सांगा.

आम्ही केलं होतं. आणि आमचं घर म्हणजे प्रश्न विचारण्यापायी माण तालुक्यात बदनाम झालेलं घर.

माझे वडील, म्हणजे आप्पा, पत्रकं काढतात. पोटापाण्याला बाजरी आणि मटकीचं रान आहे, पण त्यांचं खरं पीक पत्रकांचं. टँकर ठरल्या दिवशी यावा, शाळेला मास्तर मिळावा, चारा वेळेवर यावा, एसटीनं फाट्यावर न थांबता गावात यावं, अशा प्रत्येक गोष्टीसाठी त्यांनी पत्रक काढलंय. वडूजच्या एका छापखान्यातून पातळ गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांचे गठ्ठे घरी यायचे आणि चार दिवस आमच्या घराला शाईचा वास असायचा. बाकीची पोरं ‘अ’ अननसाचा शिकत होती तेव्हा मी ‘नि’ निषेधाचा शिकत होते. अननस मी बरीच मोठी होईपर्यंत पाहिला नव्हता. निषेध रोज पाहत होते.

आप्पांचा एक नियम होता. एका पत्रकात एकच मागणी. 

“दोन मागण्या केल्यास की साहेब त्यातली सोपी निवडतो,” ते म्हणायचे. “ती निम्मी मान्य करतो आन हार घालून घेतो. एकच माग. मग त्याला पळायला वाट ऱ्हात न्हाई.”

हा नियम मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. गुळाचा खडाही हवा आणि शेंगदाणेही हवेत असं मी शेजारी आत्याकडे जाऊन म्हणाले, तर ती चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, “एका टायमाला एकच मागणी बाय. तुझ्या बाचा कायदा हाय. गूळ का शेंगदाणं, ठरव.” आणि मी तोंड पाडलं की दोन्ही हातावर ठेवायची.

आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. दिली गावातच, आमच्या घराला लागून. तिचे यजमान मुंबईला बाजारात हमालीला, गावच्या जत्रेला येणार, चार दिवस राहणार, जाणार. मधल्या काळात आत्या, तिची शेरडं आणि तिची जीभ. आप्पांच्या पत्रकांचा सगळ्यात चांगला उपयोग गावात तीच करायची. ती दाताला मिश्री लावते. तंबाखू तव्यावर भाजून, काळी कुळकुळीत करून, वाटून त्याची पूड ती पत्रकाच्या पुडीत बांधून ठेवायची. कमरेला कायम एक पुडी, तिच्यावर ‘जाहीर नि’ एवढंच दिसायचं.

“तुझा निषेध लय कामाचा हाय रं,” ती आप्पांना म्हणायची. “मिश्री अजिबात सादळत न्हाई.”

आप्पा रागवायचे नाहीत. उलट नवीन पत्रक आलं की एक कोरी करकरीत प्रत स्वतःहून तिच्या कोनाड्यात ठेवून यायचे. दोघांमधलं प्रेम मी एवढंच पाहिलंय. तेवढं पुरेसं होतं.

मी आता सांगलीत असते. एका छापखान्यात अक्षरजुळणी करते, म्हणजे संगणकावर लग्नपत्रिकांपासून निवडणुकीच्या चिठ्ठ्यांपर्यंत सगळं. सांगलीत आल्यावर पहिल्याच सकाळी मी घरमालकिणीचा हात धरायच्या बेतात होते. नळाला पाणी आलं, तशी तिनं कालची भरलेली घागर उचलली आणि सरळ मोरीत उपडी केली. म्हणाली, “शिळं पाणी आहे गं ते.” 

शिळं पाणी! मी भाकरी शिळी ऐकली होती, कालवण शिळं ऐकलं होतं. पाणी शिळं होतं हे मला सांगलीनं शिकवलं. आमच्याकडे पाण्याला दोनच जाती, आहे आणि नाही. टँकर आला की नवं पाणी जुन्या पाण्यावर ओतायचं. दारात लोखंडाचं मोठं पिंप असतं, त्याला आम्ही टिपाड म्हणतो. त्या टिपाडाचा तळ कुणी पाहत नाही. तळ दिसला तर घरात सगळ्यांचे आवाज खाली येतात. मग टिपाड पालथं घालून, घासून, उन्हात वाळवायचं कुणी आणि कधी? डास होऊ नयेत म्हणून आमच्या देवळाच्या भिंतीवर कुणीतरी येऊन मोठ्या निळ्या अक्षरात रंगवून गेलंय, ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा.’ आत्यानं ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, “ह्यांला म्हणावं, आमी सगळं कोरडंच पाळतो. एक दिस वला पाळून दावा.” 

मला त्या भिंतीचा आजही राग येतो. पाणी कधी येणार हे ज्यांनी कधी सांगितलं नाही, त्यांनी पाणी ओतून टाका म्हणून सांगावं, हे मला पटत नाही. पण डासाला राग-लोभ नसतो. त्याला स्वच्छ, साठलेलं, हललं नाही असं पाणी लागतं. आमची टिपाडं त्याच्यासाठीच भरलेली.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी गावात ताप आला. ताप, आणि सांधे असे धरायचे की माणूस सकाळी अंथरुणातून चौकोनी उठायचा. आत्यानं फोनवर मला बातमी दिली ती अशी.

“समदा गाव वाकून चाललाय गं. मला वाटलं पुढारी आला काय.”

“चिकनगुनिया असंल आत्या.”

“व्हय, चिकनगुन्याच. म्हणून समद्यांनी कोंबडी सोडलीया. मीबी सोडली.”

“अगं त्याचा कोंबडीशी काही संबंध न्हाई!”

“मग नाव कशाला ठेवलं तसं? तुमी शिकल्याली माणसं नाव ठेवताना इचार करत न्हाई.”

माझ्याजवळ संताप होता, आणि छापखाना होता. मालकांनी उरलेला पिवळा कागद दिला आणि मी माझं स्वतःचं पहिलं पत्रक जुळवायला बसले. वर ठळक अक्षरात ‘कोंबडी निर्दोष आहे!’ त्याखाली दोषी कोण, तो टिपाडात कसा वाढतो, दिवसा कसा चावतो आणि टिपाडाला काय करायचं. त्याच दिवसांत सांगलीत डेंग्यूचे रुग्ण खूप होते आणि त्याची माहितीपत्रकं आमच्याकडेच छापली जात होती. डासही तोच. म्हणून मी खाली डेंग्यूचाही एक परिच्छेद घातला आणि आप्पांना फोनवर वाचून दाखवला.

“डेंगू काढ,” आप्पा म्हणाले.

“का? तोच डास हाय आप्पा.”

“त्येच म्हणतोय मी. डास एक हाय ना? मग मागणी एक. टिपाडं झाका. दोन-दोन रोगांची नावं घातलीस तर लोक घाबरतील आन कायबी करणार न्हाईत. गावात चिकनगुन्या हाय, चिकनगुन्याच लिव्ह.”

त्यांचं म्हणणं मला पटलं. आजही डासापुरतं ते बरोबरच वाटतं. मी परिच्छेद काढला, पत्रक छापलं, एसटीच्या कंडक्टरच्या हाती गठ्ठा पाठवला. गावानं जुनी लुगडी टिपाडांवर ताणून बांधायला सुरुवात केली, सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच जणांनी. कोंबड्यांचंही पुन्हा कालवण व्हायला लागलं. आत्याचा फोन आला.

“लय उपकार केलंस त्या कोंबडीवर. निर्दोष म्हणून सोडवलीस ती थेट रश्श्यात.”

आणि त्याच आठवड्यात आत्या तापानं पडली.

आई तेव्हा माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मुंबईला होती, म्हणून मी रजा टाकून निघाले. विटा, मायणी करत गावी पोहोचले तर आत्या आमच्याच पडवीत बाजेवर, अंगावर घोंगडी, आणि आप्पा तिच्या पायाशी बसून तिला पत्रक वाचून दाखवत होते.

“बघ की गं,” ती मला म्हणाली, “आजारी माणसाला भाषण. उठून पळावं तर गुडघं न्हाईत.”

तिची बोटं वांग्यासारखी सुजली होती. मनगट वळत नव्हतं. पण डोळे तिचेच होते. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून आणा म्हणून सांगितलं होतं. आप्पा तिला वडूजला घेऊन गेले होते. लॅबमधल्या माणसानं विचारलं, “चिकनगुनिया, डेंग्यू, दोन्ही करू का?” आणि इथं आप्पांचं एक जुनं पत्रक आडवं आलं. काही वर्षांपूर्वी त्यांनी एक हिरवं पत्रक काढलं होतं, ‘गरज नसलेल्या तपासण्या बंद करा.’ चांगलं पत्रक होतं. गरीब माणसाला कारण नसताना सुया टोचून घ्यायला लावतात याबद्दल त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. आप्पा स्वतःच्या पत्रकाशी इमान राखणारे. ते म्हणाले, “गावात चिकनगुन्या हाय. तेवढीच करा.”

तेवढीच केली. चिकनगुनिया निघाला. आणि खरं सांगते, रिपोर्ट आल्यावर घरात सगळ्यांना हायसं वाटलं. आपल्याला काय झालंय ते कळलं. चिकनगुनियानं माणूस सहसा मरत नाही, नुसता वैतागतो, हे गावाला एव्हाना पाठ झालं होतं. दुखण्याची एक गोळी सगळ्या गावात चालू होती, दुकानात सुटी मिळायची. एकमेकांच्या घरी ती साखरेसारखी उसनी दिली जायची. आत्या ती सकाळी एक घ्यायची, संध्याकाळी एक. गोळी लागू पडली की उठून शेरडांची धार काढायची.

मग एके दिवशी सकाळी तिचा ताप उतरला. अंग गार पडलं. आप्पांनी स्वतः चहा केला. तो नेहमी फार गोड होतो. आत्या बाजेवर उठून बसली आणि म्हणाली, “गेला बाबा एकदाचा. आता तुमची निर्दोष कोंबडी करा.” आम्ही हसलो. आप्पा तर कोंबडी बघायला बाहेरही गेले.

मी मोरीपाशी तोंड धुवायला गेले तर आत्या तिथंच मिश्री लावून चूळ भरत होती. मिश्रीची चूळ काळी असते, लहानपणापासून पाहिलेली. त्या काळ्यात लाल होतं. थोडं नव्हतं.

“आत्या, रक्त आलंय गं.”

“मिश्रीनं आलंय. भाजताना जाड ऱ्हायलीया औंदा. हिरडी सोलली.”

“कधीपासनं?”

“काल सांजच्यापासनं. काळ्यात कुणाला दिसतंय.” तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पोटावर हात दाबून तिथंच खाली बसली. घेतलेला चहा ओकून पडला. मग अजून एक उलटी. मी तिचे हात धरले तर ते ओल्या फडक्यासारखे थंड होते. ताप उतरलेल्या माणसाचे हात मी पाहिले आहेत. ते असे नसतात.

सांगलीत मी ती डेंग्यूची माहितीपत्रकं जुळवली होती ना? अक्षरजुळणी करताना मजकूर वाचला जात नाही, फक्त काना-मात्रा दिसतात. पण एक ओळ डोक्यात राहिली होती, ‘ताप उतरल्यानंतरचे दिवस जास्त जपण्याचे.’ ‘जपण्याचे’मधला ‘ण्या’ तीनदा चुकला होता, म्हणून राहिली होती.

आप्पा कोंबडी घेऊन दारात उभे होते. मी म्हणाले, “आप्पा, डेंग्यू असंल.”

“रिपोर्ट आलाय की गं. चिकनगुन्या हाय.”

“चिकनगुनिया हायच. त्याच्या जोडीला डेंग्यू असंल.”

“एका माणसाला एका टायमाला दोन-दोन?”

बाजेपर्यंत कशीबशी आलेली आत्या डोळे मिटून म्हणाली, “मी काय रेशनचं दुकान हाय व्हय, दोन दोन जिन्नस ठेवायला.” 

तिनं विनोद केला, पण वाक्य संपताना तिचा आवाज हरवला. ते आप्पांना ऐकू गेलं. माझं बोलणं ऐकून ते हलले नसते, बहिणीचा आवाज अर्ध्यात तुटलेला ऐकून हलले. कोंबडी हातातून सुटून पळाली. ते शेजाऱ्याच्या पिकअप गाडीकडे धावले. धोतर नेसणारा माझा बाप असा धावलेला मी मोर्चातही पाहिला नव्हता.

गाडीत मागे सतरंजी टाकून आत्याचं डोकं मी मांडीवर घेतलं. आप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. आत्या प्रत्येक खड्ड्याला बोलत होती. “ह्या रस्त्याचं पत्रक काढलं न्हाईस का रं अजून?” एका खड्ड्याला ती बोलली नाही. तेव्हा आप्पांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, श्वास आहे. त्यांनी पुन्हा पुढे पाहिलं.

वडूजच्या दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी आत्याचे डोळे, हिरड्या, पोट पाहिलं, सलाईन लावलं, रक्त काढलं, आणि विचारलं, “गोळ्या कुठल्या घेतल्या?” आत्यानं पदराची गाठ सोडून गोळी दाखवली. डॉक्टरांनी ती उचलून बाजूला ठेवली, रागानं नाही, पण परत दिली नाही.

रिपोर्ट आला तेव्हा त्या बाहेर आल्या. “मावशींना दोन्ही आहेत. चिकनगुनियाचा रिपोर्ट खोटा नव्हता. पण डेंग्यूपण आहे. रक्तातल्या प्लेटलेट पेशी बऱ्याच खाली गेल्यात. पुढचे दीड-दोन दिवस महत्त्वाचे. इथं सावरल्या नाहीत तर कराडला हलवावं लागेल.”

आप्पांनी भिंतीला हात टेकवला. “दोन ताप,” ते म्हणाले. “म्हंजी दुप्पट जोर?”

“तसा सरळ हिशेब नसतो,” डॉक्टर म्हणाल्या. “कधी दोन विषाणू एका शरीरात येतात आणि एक दुसऱ्याला दाबून ठेवतो. माणसाला जास्त काही होत नाही. कधी दोघं मिळून शरीराला दमवतात, आणि जो आजार एरवी घरच्या घरी बरा झाला असता तो गंभीर होतो. कुणाच्या बाबतीत काय होईल, हे आधी नक्की सांगता येत नाही. त्याचा अभ्यास अजून चालूच आहे. पण मला रोज दिसतं ते सांगते. एक आजार दुसऱ्याला झाकतो. सांधे इतके दुखतात की पोटातल्या दुखण्याकडे कुणी बघत नाही. आणि सांध्यांसाठी माणूस जी गोळी घेतो, ती डेंग्यूमध्ये रक्तस्राव वाढवू शकते.”

“पण डास तर एकच हाय,” आप्पा म्हणाले. कुणाशी भांडत असल्यासारखे नाही. जुन्या वहीत हिशेब शोधावा तसे.

“डास एकच. एकाच डासात दोन्ही असू शकतात, किंवा दोन वेगवेगळे चावले असतील. टिपाड झाकलं की दोन्हींचा बंदोबस्त होतो, ते तुमचं बरोबर आहे. पण माणूस म्हणजे टिपाड नव्हे ना, आप्पा.”

त्यांना ‘आप्पा’ म्हणायचं डॉक्टरांना कुणी सांगितलं नव्हतं. माझं ऐकून म्हणाल्या असतील. आप्पा बाकावर बसले आणि त्यांनी खिशातलं माझं पिवळं पत्रक काढलं. ते कायम एक प्रत खिशात ठेवतात. उलटंसुलटं करून पाहिलं. डेंग्यूचा परिच्छेद जिथं होता तिथं आता फक्त छापखान्याचं नाव होतं. मला त्यांचा राग आला होता का? आला होता, गाडीत बसेपर्यंत. दवाखान्याच्या त्या बाकावर तो टिकला नाही. ज्या माणसानं आयुष्यभर एकेक मागणी धरून ठेवली म्हणून आमच्या शाळेला मास्तर मिळाला, गावाला टँकर मिळाला, त्या माणसाचं डोकं एका वेळी एकाच शत्रूकडे बघायला शिकलेलं होतं. मलाही त्यानंच शिकवलं होतं.

ते दिवस आम्ही सलाईनचे थेंब बघत काढले. नातेवाईक येत होते, कुणी पपईच्या पानांचा रस आणत होतं, कुणी नारळ. आप्पा प्रत्येकाला दारातच अडवून विचारत, “घरी कुणाला ताप हाय का? गोळी कुठली घेताय?” आणि गोळीचं नाव ऐकलं की आत डॉक्टरांकडे पाठवत. पत्रक हातात नसताना आप्पांना मी पहिल्यांदाच इतकं लोकांशी बोलताना पाहिलं. 

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्यानं डोळे उघडले, आप्पांकडे पाहिलं आणि विचारलं, “शेरडं कुणी बघतंय का?” डॉक्टर म्हणाल्या, पेशी थांबल्यात, उतरत नाहीत आता. कराडला जायची गरज पडली नाही. आप्पा दवाखान्याच्या मागे जाऊन बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे धुतलेले होते आणि सदरा पुढून भिजला होता.

दोन ताप एकत्र आले होते, पण एकत्र गेले नाहीत. डेंग्यू गेला तो गेलाच. चिकनगुनिया आत्याच्या बोटांत राहिला. अजूनही थंडीच्या सकाळी तिची मूठ वळत नाही. तेव्हा शेरडांची धार कोण काढणार? आप्पा. धार काढण्याचा त्यांना शून्य अनुभव, आणि शेरडांना तो ताबडतोब कळला. एका काळ्या शेळीनं त्यांना तीन वेळा लाथाडून दूध सांडलं. आत्या बाजेवरून सूचना देत होती.

“आरं, मोर्चा न्हाई तो. असा मुठी आवळू नगंस. लाडीगोडीनं काढ.”

“ही शेळी माझं ऐकत न्हाई अक्का.”

“तिला निवेदन दे.”

त्या दिवसांतच आप्पांनी नवं पत्रक लिहायला घेतलं. लिहून खोडत होते. मी सांगलीला परतायच्या आदल्या दिवशी त्यांनी कागद माझ्याकडे दिला आणि न बघता म्हणाले, “दोन मागण्या झाल्यात. बघ, एक काढता येती का.” 

मी वाचलं. पहिल्या भागात टिपाड होतं. दुसऱ्या भागात ताप आलेला माणूस. एकही ओळ काढण्यासारखी नव्हती. मी म्हणाले, “न्हाई आप्पा, दोन्ही लागतील.”

आत्या मध्येच म्हणाली, “घे, मोडला तुझा कायदा. ह्या पोरीनं गूळ-शेंगदाणं मागताना तेवढा होता.” 

“तुझ्याकडं कुठं होता,” मी म्हणाले. “तू दोन्ही द्यायचीस.”

“तुझं तोंड तसं व्हायचं गं,” ती म्हणाली, आणि माझ्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर सुजलेली बोटं कडाकडा मोडायला गेली. मोडली नाहीत. तिनं हात परत माझ्या गालावर ठेवला.

पत्रक मी सांगलीत जुळवलं, गुलाबी कागदावर. पहिली प्रत आप्पांनी तिच्या कोनाड्यात नेऊन ठेवली. तिनं मिश्री सोडलेली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आम्ही सांगितलं, ती ऐकत नाही. पण आता चूळ भरली की ती पांढऱ्या बशीत टाकते, बशी उजेडात धरून पाहते, आणि मगच ओतते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

त्या पत्रकात होतं तेच इथं तुमच्याकडे मागते. पत्रकापुरतं नाही, मनापासून. तुमच्याही दारात साठवणीचं पाणी असेल, तर ते ओतून टाका असं मी म्हणणार नाही. ते किती लांबून आलंय ते मला माहीत आहे. घरातलं एखादं जुनं लुगडं काढा, टिपाडाच्या तोंडावर ताणा, दोरीनं करकचून बांधा. आणि घरात कुणी तापलं, सांधे धरले, आणि रिपोर्टवर एक नाव आलं, तर तेवढ्यावर उठू नका. दुकानातली दुखण्याची गोळी देऊ नका. ताप उतरल्यावरही माणसाजवळ बसून राहा. उलटी, पोटातली कळ, हिरडीतलं रक्त, गार हात, यातलं काहीही दिसलं की दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांसमोर खुर्ची सोडण्याआधी एकदा, लाजू नका, स्पष्ट आवाजात विचारा, “ह्याच्या जोडीला अजून दुसरं काही असेल का?”